पाय घसरलेल्यांची मंडळी

गोवंडी स्टेशनातून देवनार आगाराकडे निघाले की टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार लागते. संस्था टाटांची, हे सर्वांना ठाऊक असते. तिचा पाया एका मिशनऱ्याने घातला, हे फार थोड्यांना. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते. १९२०च्या दशकात मुंबईत आल्यावर त्यांनी नागपाड्यात, कामाठीपुऱ्याच्या शेजारी, ‘नेबरहुड हाउस’ उभे केले. १९३६ साली तिथेच समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. १९४४मध्ये तिला आजचे नाव मिळाले, १९५४मध्ये ती देवनारला आली. संस्थेत धर्मोपदेश चालत नाही आणि तो नसणेच योग्य. पण १९९०पासून तिचा ‘प्रयास’ हा प्रकल्प तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसाठी आणि सुटून आलेल्यांसाठी काम करतो. हे काम धर्माच्या नावाने होत नाही, तरी एका जुन्या ख्रिस्ती प्रश्नाशी त्याचे नाते आहे: ज्याचा पाय घसरला, त्याचे पुढे काय?

ख्रिस्ती धर्माने या प्रश्नापासून कधी तोंड फिरवले नाही, कारण त्याची सुरुवातच घसरलेल्या माणसांपासून झाली. येशूला अटक झाली त्या रात्री पेत्राने, कोंबडा आरवण्याआधी तीनदा, मी या माणसाला ओळखत नाही असे सांगितले. चारही शुभवर्तमानांत ही घटना आहे. जो माणूस पुढे मंडळीचा आधारस्तंभ मानला गेला, त्याची सर्वांत लाजिरवाणी रात्र त्याच्याच लोकांनी लिहून ठेवली. पौल तर ख्रिस्ती लोकांना पकडून नेणारा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो कबूल करतो की जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही, आणि जे नको तेच होते. हे तो धर्मांतरानंतर लिहितो, म्हणून ते अधिक भिडते.

माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो का, यावर पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलेजियस यांचा मोठा वाद झाला. ऑगस्टीनचे मत टिकले: कृपा आधी, माणसाचा प्रयत्न मागून. १५१७पासून मार्टिन ल्यूथरने हाच मुद्दा रोमपुढे ठेवला आणि युरोपातली मंडळी दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ल्यूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी आउग्सबुर्ग येथे संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणूस नीतिमान ठरतो तो देवाच्या कृपेने, हे दोघांनी मान्य केले. एवढ्यासाठी जवळजवळ पाच शतके लागली.

मराठीत हा विषय ओवीतून आला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत आदामाच्या पतनापासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा त्याने सांगितली. ती गोव्यातल्या ज्या साष्टीच्या लोकांसाठी लिहिली, त्यांची देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती आणि १५६०पासून गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) बसले होते. पुढेही गोव्याच्या चर्चमधल्या कॉन्फ्रारियांत, म्हणजे भाविकांच्या बंधुसंघांत, जातीच्या भिंती टिकून राहिल्या. कृपेची गोष्ट सांगणाऱ्यांच्या हातून असे घडले, हेही लिहिलेच पाहिजे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या मुलांनी केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. उशिरा का होईना, पापकबुली संस्थेलाही चुकत नाही, हे त्यातून मान्य झाले.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात लंडनच्या फुलहॅम भागातले भगिनींचे एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून बाहेर काढलेल्या बायका तिथे राहत, काम शिकत, आणि त्यांच्याशी माणसासारखे वागले जाई. अशा स्त्रियांना कुणी मायेने जवळ करते, हे रमाबाईंनी त्याआधी पाहिले नव्हते. याचे कारण काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली ती बाई, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. रमाबाईंच्या मनात ती कथा कायमची रुतली.

पुढचा भाग त्याहून मोलाचा आहे. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तोवर विधवांसाठीचे त्यांचे शारदा सदन उभे राहिले होते, जगभर नाव झाले होते. इतक्या नावारूपाला आलेल्या बाईने आपल्या श्रद्धेतली पोकळी छापील अक्षरांत मांडावी, याला धैर्य लागते. नंतर केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी, घसरलेल्या म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ हा स्वतंत्र विभाग काढला. फुलहॅमला पाहिलेले भीमेकाठच्या दुष्काळी मुलखात रुजले.

नारायण वामन टिळक हे मॅनशार्टच्याच मिशनचे, पण एक पिढी आधीचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. कवी मोठा, मन त्याहून मोठे. संसार मात्र त्यांना कधी जमला नाही. त्यांचा राग भडकायचा आणि तसाच विरायचा. न सांगता ते घरातून निघून जायचे. हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या हातात ठेवायचे. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंमुळे. त्यांच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, टिळकांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. नवऱ्याला साधुपुरुष करून भिंतीवर टांगणे लक्ष्मीबाईंना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही. त्यांच्या पुस्तकातले टिळक चुकतात, चिडतात, पस्तावतात, आणि म्हणूनच वाचणाऱ्याला ते आवडतात.

स्वतःलाही लक्ष्मीबाईंनी सोडले नाही. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी सोवळे सोडले नाही. त्याच्याजवळ राहायला आल्यावरही चूल वेगळी ठेवली. जातीचा विटाळ मनातून एका दिवसात गेला नाही, तो कसा हळूहळू निघत गेला हे त्यांनी खुलेपणाने लिहिले. त्यांचा बाप्तिस्मा टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात कृपेवर प्रवचने पुष्कळ आहेत. कृपा स्वयंपाकघरात कशी काम करते हे दाखवणारे पुस्तक हेच. टिळकांनी अपुरे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले.

टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात बसू शकत होते. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. तरी ‘आत कोण, बाहेर कोण’ हे ठरवण्याची घाई नको, हा त्यांचा आग्रह आजच्या मंडळ्यांनी पुन्हा वाचावा असा आहे.

उपनगरांतले आजचे उदाहरण वांद्र्याचे. माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने फादर जो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले, दारू आणि अमली पदार्थांच्या विळख्यातून माणसे सोडवण्यासाठी. फादर स्वतः दारूच्या आहारी गेलेले होते, आणि ते ही गोष्ट लपवत नाहीत. बी. के. एस. अय्यंगारांकडे ते योग शिकले. १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग यांची त्यांनी सांगड घातली. २००९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बारा पायऱ्यांतली पहिली, आपले दारूपुढे काही चालत नाही हे मान्य करण्याची. पौलाच्या सातव्या अध्यायाच्या ती फार जवळची आहे.

कृपेचा सोयीस्कर अर्थही काढता येतो. देव क्षमा करतोच, मग वागा हवे तसे! जर्मन धर्मगुरू डीट्रिश बोनहोफर यांनी १९३७ साली अशा ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली; पुढे हिटलरला विरोध केला म्हणून ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी झाली. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन १७४८च्या वादळात देवाकडे वळला, पण नंतरही काही वर्षे गुलामांची जहाजे चालवत राहिला. गुलामगिरीविरुद्धची त्याची पुस्तिका आली १७८८मध्ये. पालट व्हायला वेळ लागतो हे खरे. त्या वेळात दुसऱ्यांच्या पाठीवर वळ उठत असतात, हेही तितकेच खरे. म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला त्याला डावलून मिळवलेली क्षमा अपुरीच राहते.

गोवंडीत, बैंगनवाडी-शिवाजीनगरपासून देवनारच्या कचराभूमीपर्यंत, नशेने पोखरलेली घरे पुष्कळ आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला फी लागत नाही, धर्म विचारला जात नाही. लागते ती एक खोली आणि काही खुर्च्या. ज्या धर्मग्रामाच्या शाळेचे वर्ग संध्याकाळी बंद असतात, ज्या मंडळीचे सभागृह रविवारनंतर कुलूपबंद असते, त्यांच्या कार्यकारिणीने या दिवाळी-नाताळच्या मधल्या दिवसांत आठवड्यातून एका संध्याकाळसाठी ते कुलूप काढण्याचा ठराव करावा.