चंद्र बटाट्यासारखा का दिसला?

मित्रांनो, गावाने वर्गणी काढून शाळेला संगणकाचा नवा रुंद मॉनिटर दिला. आम्ही हरखून गेलो. पण २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ चा व्हिडिओ लावला, तर चित्र पुसट आणि चंद्र बटाट्यासारखा! "पैसे पाण्यात गेले," माझे बाबाच म्हणाले. मला लई वाईट वाटलं.

मग गुरुजींनी आम्हाला कारण शोधायला लावलं. चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. नव्या पडद्यावर एका ओळीत १९२० ठिपके, अशा १०८० ओळी. गुणाकार करा : २०,७३,६००! संगणक मात्र जुन्याच मापाने, १०२४ बाय ७६८ ने, चित्र पाठवत होता. ते रुंदीला ताणलं जाई. सेटिंगमध्ये माप बदललं. चंद्र गोल झाला!

तरी पुसटपणा होताच. कारण व्हिडिओ ६४० बाय ३६० चा होता. त्याचा एक ठिपका नऊ ठिपक्यांची जागा व्यापायचा. मग १९२० बाय १०८० चा व्हिडिओ लावला. खड्डेसुद्धा स्पष्ट दिसले.

बाबा म्हणाले, "वर्गणी कामी आली!" तेव्हा मित्रांनो, वस्तूला नावं ठेवण्याआधी कारण शोधावे.

— इयत्ता ७ वी