न उडालेल्या विमानांचे रंग

विमानाच्या धडावर आणि शेपटीवर कंपनीची ओळख म्हणून जी रंगरचना केली जाते तिला त्या व्यवसायात लिव्हरी म्हणतात, आणि ज्या कंपन्या कधी अस्तित्वातच नव्हत्या त्यांच्यासाठी जुन्या धाटणीची लिव्हरी रेखाटण्याचा छंद संगणकावरील उड्डाण-खेळांमुळे आणि छोट्या प्रतिकृतींमुळे जगभर रुजला आहे. कंपनी काल्पनिक असल्यामुळे येथे कसलेच बंधन नसेल असे प्रथमदर्शनी वाटते; प्रत्यक्षात कल्पनेतले विमान खरे वाटायचे असेल, तर ते ज्या साली उडाले असे मानायचे त्या सालची प्रत्येक अडचण त्याच्या अंगावर दिसावी लागते, आणि नवशिक्याला हीच गोष्ट सर्वांत उशिरा कळते.

लोहा, कंधार, नांदेड आणि लातूर या टापूसाठी अशी कल्पना करायची तर पाया आयता मिळतो, कारण हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि निजाम व टाटा यांच्या भागीदारीतील डेक्कन एअरवेजची विमाने १९४६ पासून बेगमपेठहून उडू लागली होती. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ही कंपनी अन्य सात कंपन्यांसह इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. नांदेडचा विमानतळ १९५८ चा. पण डाकोटा हे विमान गवताळ पट्टीवरही उतरू शकत असे, तेव्हा १९४८ साली लोह्याजवळच्या एखाद्या माळावर ते उतरले असे मानणे मुळीच अवास्तव नाही.

डाकोटाचे धड उघड्या ॲल्युमिनियमचे असे. रंगाला वजन असते (जंबो विमानावरील पूर्ण रंगकाम सुमारे २५० किलो भरते), म्हणून त्या काळी रंग हात राखूनच वापरला जाई. खिडक्यांच्या ओळीवरून नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा आडवा पट्टा, ज्याला चीटलाइन म्हणतात, हा त्या काळच्या लिव्हरीचा कणा होता. त्यामुळे खिडक्यांची तुटक रांग एकसंध दिसे आणि आखूड धड लांबट भासे. पुढे धडाचा माथा पांढरा रंगवण्याची पद्धत पडली, तीही उन्हात उभ्या विमानाची आतली तलखी कमी व्हावी म्हणून. वैमानिकासमोर नाकाच्या वरच्या अंगावर गडद, बिनचकाकीचा रंग असे, कारण तेथून परावर्तित झालेले ऊन थेट डोळ्यांवर येई. डाकोटाच्या शेपटीचा स्थिर भाग धातूचा, तर हलणारे सुकाणू कापडाने मढवलेले असे. दोहोंवर मिळून एकच बोधचिन्ह काढले की त्याचा अर्धा भाग धातूवर आणि अर्धा कापडावर पडे, आणि सुकाणूवर रंगाचा जादा थर चढला तर त्याचा तोल पुन्हा तपासावा लागे. संगणकावर काम करणाऱ्याला कापड आणि धातू यांतला हा फरक दिसत नाही, म्हणून त्याच्या शेपट्या एकसारख्या गुळगुळीत आणि म्हणूनच खोट्या वाटतात.

या विषयाचा मागोवा घेताना सर्वांत मोलाचा धागा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रांचे आणि अलंकारकलेचे मोठे प्रदर्शन भरले, त्याची मांडणी अलेक्झांडर गिरार्ड यांनी केली आणि त्यावर चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने लघुपट काढला. ठीक दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, याच गिरार्ड यांनी ब्रॅनिफ या अमेरिकी कंपनीच्या विमानांची धडे एकेका भडक, सपाट रंगात रंगवून पट्ट्यांच्या त्या जुन्या रिवाजाला छेद दिला. रंगाला रंग म्हणून उभे राहू देण्याचे ते धाडस भारतीय वस्त्रांच्या सहवासात बळावले असावे, असे मानण्यास भरपूर जागा आहे. दुसरीकडे ईम्स दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले, आणि त्यांच्या १९५८ च्या अहवालात साध्या लोट्याविषयी तो किती पाणी धरतो, कमरेवर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा हाताला कसा लागतो अशा प्रश्नांची सरबत्ती केलेली आढळते. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, आणि इंडियन एअरलाइन्सची बोधखूण तेथील बिनॉय सरकार यांनी घडवली. लोट्याला विचारलेले प्रश्न विमानालाही विचारता येतात, आणि लिव्हरी शिकण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

एअर इंडियाने हे प्रश्न एकदा अचूक सोडवले. १९७१ मध्ये आलेल्या ‘एम्परर अशोक’ या जंबोच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोक्याची कमान रंगवली गेली, आणि खिडक्या झाकणाऱ्या पट्ट्याऐवजी खिडकी हीच शोभा ठरली. १९८९ मध्ये लँडर या परदेशी संस्थेने पांढऱ्या धडावर सोनेरी रेघ आणि लाल शेपटीवर सोनेरी चक्र अशी नवी रचना दिली. तिच्याविरुद्ध नापसंतीचा सूर उमटला आणि दोनेक वर्षांत झरोके परतले. त्या रचनेत कारागिरीची उणीव नव्हती, पण ती रेघ कोणत्याही विमानावर ओढता आली असती, झरोका मात्र खिडकीवाचून उभाच राहू शकत नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या रूपातही खिडकीच्या चौकटीचाच सोनेरी अंश उरला आहे, यावरून त्या कल्पनेचा जीव किती चिवट आहे हे दिसते.

लोह्याच्या काल्पनिक विमानाला मात्र राजवाड्याचे झरोके शोभणार नाहीत. त्याची रंगपेटी लोहा तालुक्यातल्याच माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत उघडी पडलेली असते. तेथे भंडाऱ्याचा पिवळा आहे आणि लालकंधारी बैलाच्या कातडीचा तो गडद तांबडा आहे, जो कोणत्याही छापील रंगतक्त्यातून उचलण्यापेक्षा जनावराच्या अंगावर ऊन पडलेले असताना पाहून घ्यावा. देवणी गोवंशाचे तीन प्रकार पशुपालक ओळखतात: पूर्ण पांढरा बाळंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला शेवरा, आणि पांढऱ्या अंगाचा पण काळ्या तोंडाचा वानेरा. हवामान दाखवणारे रडार विमानाच्या नाकात बसू लागल्यावर त्यावरचे धातूविरहित टोपण पुष्कळदा काळेच ठेवले जाई, म्हणून साठच्या दशकातले विमान रेखाटताना पांढऱ्या धडाचा आणि काळ्या नाकाचा वानेरा जसाच्या तसा उतरवता येतो, आणि तो केवळ सजावट न राहता त्या काळाचा पुरावाही ठरतो. १९४८ च्या डाकोटासाठी शेजारच्या बिदरची कला अधिक जवळची आहे. बिदरी कामात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची तार बसवतात आणि मग तो किल्ल्यातील मातीने काळा करतात. उघड्या ॲल्युमिनियमच्या धडावर काळा पट्टा ओढून त्यात नक्षीपुरता धातू मोकळा सोडला, तर रंगाचा एक थेंबही वाया न घालवता तीच वीण उमटते.

अक्षरांचा प्रश्न शेवटी येतो, पण नवशिके अडखळतात ते बहुधा येथेच. देवनागरीची शिरोरेषा ही स्वतःच एक आडवी रेघ असल्यामुळे ती चीटलाइनशी समांतर धावते, आणि दोहोंमधले अंतर चुकले की नाव पट्ट्यावर लोंबकळल्यासारखे दिसते. शिरोरेषाच पट्ट्याची खालची कड म्हणून वापरली की मात्र अक्षरे त्यातूनच उगवल्यासारखी वाटतात. तिरक्या अक्षरांची अडचण निराळी आहे: विमानाच्या उजव्या अंगाला उजवीकडे झुकणारी अक्षरे नाकाच्या दिशेने झेपावतात, तर डाव्या अंगाला तीच अक्षरे शेपटीकडे रेलतात, म्हणून एक बाजू काढून तिची आरशातली प्रत दुसरीकडे चिकटवता येत नाही. एअर इंडियाने आपल्या विमानांना आधी राजकन्यांची, मग हिमशिखरांची नावे दिली. लोह्याच्या डाकोटाला ‘मन्याड’ हे जवळच्या नदीचे नाव द्यायचे ठरले, तर ती तीन अक्षरे वैमानिकाच्या खिडकीखाली, हाताच्या वितीएवढ्या उंचीत, पेंटरच्या कुंचल्याने काढल्यासारखी किंचित असमान यायला हवीत, आणि ‘न्या’मधला जोडाक्षराचा सांधा रिव्हेटच्या ओळीवर पडणार नाही एवढी जागा आधी मोजून ठेवायला हवी.