जुन्या पेन्शनची लढाई

महाराष्ट्रातील सरकारी नोकरांची वाटणी एका तारखेने झाली. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन कायम राहिली. त्या दिवसापासून पुढे आलेल्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली आणि नंतर तीच राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, विलीन झाली. लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी तहसील, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत हे दोन्ही वर्ग एकमेकांशेजारी बसून काम करतात. काम तेच, वेतनश्रेणीही तीच, म्हातारपणाची तजवीज मात्र वेगळी.

जुन्या योजनेत शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन मिळते, तीवर महागाई वाढ चढत राहते आणि तिच्यासाठी पगारातून छदामही कापला जात नाही. एनपीएसमध्ये मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात होते, सरकार आपला वाटा घालते (आधी १० टक्के, नंतर १४) आणि ही पुंजी बाजारात गुंतवली जाते. समजा, निवृत्तीच्या दिवशी ४० लाख जमले. त्यातले ६० टक्के, म्हणजे २४ लाख, हाती घेता येतात. उरलेल्या १६ लाखांचे विमा कंपनीकडून वर्षासन घ्यावे लागते. सहा टक्के दर धरला तर महिन्याला ८,००० रुपये पडतात, आणि त्यांवर महागाई वाढ नाही. मूळ वेतन ६०,००० असलेल्या जुन्या सहकाऱ्याची पेन्शन ३०,००० पासून सुरू होते. हाती आलेले २४ लाख विसरून ही तुलना करणे बरोबर नाही; पण बाजार पडला तर तोटा कोणाचा, याचे उत्तर नव्या योजनेने कर्मचाऱ्याच्या पदरात टाकले, हे खरेच. त्यात कपातीचा हिशेब वेळेवर मिळत नाही, ही जिल्हा परिषद शिक्षकांची जुनीच ओरड.

राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल प्रदेश या राज्यांनी जुन्या योजनेकडे परतण्याचे ठरवल्यावर महाराष्ट्रातही ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा जोर धरू लागली. १४ मार्च २०२३ रोजी कर्मचारी संघटनांच्या समन्वय समितीच्या हाकेने राज्यभर बेमुदत संप सुरू झाला. निमंत्रक होते विश्वास काटकर. राज्याला संप नवा नव्हता. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेला महागाई भत्त्यासाठीचा संप ५४ दिवस चालला होता. कायदा मात्र संपकऱ्यांच्या बाजूने नाही: सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात ठरवले आहे.

नेमक्या त्याच आठवड्यात मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. काढणीला आलेला गहू-हरभरा आडवा पडला, आणि पंचनामा करायचा तर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघेही संपावर. दहावी-बारावीच्या परीक्षाही चालू होत्या. ज्यांना आयुष्यात पेन्शन नाही अशा शेतकऱ्यांनी ‘सरकारचे जावई’ म्हणून बोटे मोडली, यात नवल नव्हते. संघटनांना हा रोष आधी ओळखता आला असता.

तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चेनंतर २० मार्चला संप मिटला. तत्पूर्वी या मागणीच्या अभ्यासासाठी सरकारने नेमलेल्या समितीत निवृत्त सनदी अधिकारी सुबोध कुमार, के. पी. बक्षी आणि सुधीर कुमार श्रीवास्तव होते. मागणी निर्णयाला न आल्याने डिसेंबरात पुन्हा संपाचे हत्यार उपसले गेले. २०२४ च्या सुरुवातीला सरकारने एक गाठ सोडवली: ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला.

बाकीच्यांसाठी केंद्राची एकीकृत पेन्शन योजना राज्य मंत्रिमंडळाने २५ ऑगस्ट २०२४ रोजी स्वीकारली. तिच्यात २५ वर्षे सेवा झालेल्याला अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन आणि महागाई वाढीची हमी आहे. मात्र १० टक्के कपात चालूच राहते. उशिरा नोकरीला लागलेल्यांची २५ वर्षे भरत नाहीत, त्यांची पेन्शन त्या प्रमाणात घटते. संघटनांचे अर्धे समाधान होते ते यामुळेच.