नाकतोड्याचे स्थानक

रुग्णाला समजेल अशा भाषेत बोलावे, ही शिकवण आपणा सर्वांना विद्यार्थिदशेतच मिळते. बेळगावसारख्या गावात मात्र ती आचरणात आणणे सोपे नसते. औषधाची चिठ्ठी इंग्रजीत असते. समोरची माता कधी मराठी, कधी कन्नड, कधी उर्दू, तर कधी कोंकणी बोलणारी असते. आणि घरी प्रत्यक्ष औषध पाजणाऱ्या आजीला पुष्कळदा यांपैकी कोणतीच लिपी वाचता येत नाही. अशा वेळी अक्षरांपलीकडची एखादी भाषा हाताशी असावी, असे तीव्रतेने वाटते. त्या भाषेचा विचार करताना मला वैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा अधिक उपयोगी पडले, ते लान्स वायमन या अमेरिकन ग्राफिक डिझायनरचे काम. त्याचा परिचय या स्मरणिकेच्या वाचकांना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

वायमन यांचा जन्म १९३७ साली न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे झाला. त्यांचे बालपण कारखान्यांच्या वस्तीत गेले. वडील समुद्रात मासेमारी करीत. होडी, जाळे, हातोडी, यंत्राचा सुटा भाग अशा वस्तूंत उगीच केलेली नक्षी नसते. जे कामाचे असेल तेवढेच असते. ही दृष्टी त्यांना कलाशाळेत जाण्यापूर्वीच लाभली असावी. न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधून १९६० साली ते औद्योगिक डिझाइनचे पदवीधर झाले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका प्रवासाने. १९६८ चे ऑलिंपिक सामने मेक्सिको शहरात भरणार होते. लॅटिन अमेरिकेला हा मान प्रथमच मिळत होता. त्यासाठी बोधचिन्ह हवे होते. १९६६ च्या अखेरीस वायमन आपले ब्रिटिश सहकारी पीटर मर्डोक यांच्यासह तेथे गेले. भाषा परकी, देश अनोळखी आणि आपली पात्रता सिद्ध करायला हाती अवघे दोन आठवडे. अशा स्थितीत एखादा कलावंत खोलीचे दार लावून कागदावर रेघोट्या मारीत बसला असता. वायमन मात्र डोळे उघडे ठेवून हिंडले. त्यांनी मानववंशशास्त्राच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्राचीन मेक्सिकोची शिल्पे पाहिली, बाजारातील वस्तू पाहिल्या आणि हुइचोल आदिवासींची कला पाहिली. हे लोक फळीवर मेण पसरून त्यात रंगीत लोकरीचे धागे एकाशेजारी एक दाबून बसवतात. आकृतीभोवती समांतर रेषांची वलये उमटत जातात आणि सारे चित्र स्पंदन पावल्यासारखे दिसते.

वायमन यांना वाट सापडली ती येथे. ऑलिंपिकच्या पाच वर्तुळांतूनच ६८ हा आकडा साकारतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्या वर्तुळांच्या रेषा समांतर पसरवत नेल्या, तेव्हा त्यांतून ‘मेक्सिको’ ही अक्षरेही उमटली. पाहणाऱ्याला त्यात एकाच वेळी हुइचोलांचे धागे आणि त्या काळातील आधुनिक चित्रकला दिसली. पुढे याच रेषा तिकिटांवर, टपालाच्या तिकिटांवर आणि स्वागतिकांच्या पोशाखावरही झळकल्या. हे एकट्याचे काम नव्हते. आयोजन समितीचे अध्यक्ष व वास्तुशिल्पी पेद्रो रामिरेस वास्केस, एदुआर्दो तेरासास आणि इतर अनेक मेक्सिकन कलावंत त्यात सहभागी होते.

मला मात्र या झगमगत्या कामापेक्षा त्यानंतरचे साधे काम अधिक मोलाचे वाटते. ४ सप्टेंबर १९६९ रोजी मेक्सिको शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली. प्रवाशांमध्ये खेड्यातून आलेले, वाचता न येणारे लोक होते, तसेच स्पॅनिश न समजणारे परदेशी पाहुणेही होते. म्हणून प्रत्येक मार्गाला एक रंग आणि प्रत्येक स्थानकाला एक चित्र देण्याचे ठरले. वायमन यांनी आर्तुरो किन्योनेस आणि फ्रान्सिस्को गायार्दो यांच्या सोबतीने ही चित्रे रेखाटली. ती सुचली त्या त्या जागेवरून. मर्सेदचा बाजार प्रसिद्ध, म्हणून तेथे फळांची पेटी. कांदेलारिया परिसराच्या जुन्या नावातच बदके होती, म्हणून तेथे बदक. पिनो स्वारेस स्थानकाचे खोदकाम चालू असताना वायुदेवतेचे एक अस्तेक मंदिर सापडले, तेच त्या स्थानकाचे चिन्ह झाले. चापुल्तेपेक या नावाचा नहुआत्ल भाषेतील अर्थ ‘नाकतोड्याची टेकडी’. म्हणून तेथे नाकतोडा! गंमत अशी, की अस्तेक लोक आपल्या चित्रलिपीत या गावाची खूण म्हणून टेकडी आणि नाकतोडाच काढीत. अनेक शतकांपूर्वीची खूण पुन्हा भिंतीवर आली आणि अक्षरशत्रू असलेला माणूसही ‘मला नाकतोड्यापाशी उतरायचे आहे’ असे आत्मविश्वासाने सांगू शकला.

लोकांच्या जीवनातून घेतलेले चिन्ह लोकांच्या हाती गेले, की ते कलावंताचे राहत नाही. याचा दाहक प्रत्यय त्याच मेक्सिकोत आला. ऑलिंपिकच्या उद्घाटनाला दहा दिवस असताना, २ ऑक्टोबर १९६८ रोजी, त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि अनेकांचे प्राण गेले. शहरभर शांततेचे प्रतीक म्हणून वायमन यांचे पांढरे कबुतर लावलेले होते. चळवळीतील विद्यार्थ्यांनी त्याच कबुतराला रक्ताने माखलेले दाखवले. सरकारी समारंभासाठी काढलेले चित्र सरकारलाच जाब विचारू लागले. चित्राची भाषा सर्वांना कळते, ती अशी!

आपल्याकडेही ही भाषा नवी नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोट्यवधी निरक्षर मतदारांनी मतदान केले, ते चिन्हे पाहून. आणि ती चिन्हे होती बैलजोडी, झोपडी यांसारखी, रोजच्या पाहण्यातली. लहान कुटुंबाचा लाल त्रिकोण खेडोपाडी पोहोचला. आमच्या बालरोगशास्त्रात तर पोलिओच्या लसीच्या कुपीवर १९९६ पासून येऊ लागलेली खूण हा मला उत्तम नमुना वाटतो. रंगीत वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो. चौकोन वर्तुळाहून फिकट असेल तोवर लस वापरावी. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला, तर ती टाकून द्यावी. यासाठी एक अक्षरही वाचावे लागत नाही.

परंतु चित्र काढले म्हणजे ते समजलेच, असे नव्हे. मध्यंतरी एका औषध कंपनीचे पत्रक माझ्याकडे आले होते. औषधाची वेळ दाखवण्यासाठी त्यावर डोंगराआडचा अर्धा सूर्य छापला होता. खानापूरकडील एका मातेने तो निरखून पाहिला आणि विचारले, “डॉक्टर, ह्यो सूर्य उगवतोय का मावळतोय?” प्रश्न अगदी रास्त होता. दोन वेळचे औषध एकाच वेळी पोटात जाण्याचा, किंवा एक वेळ चुकण्याचा धोका त्या अर्ध्या सूर्यात दडलेला होता. मी तिलाच विचारले, की सकाळ कशी दाखवावी? ती म्हणाली, “कोंबडा काढा की!” आणि सांजेला? “दिवा.” दुपारची खूण तिच्या सासूबाईंनी सांगितली, भाकरीचे ताट. तेव्हापासून माझ्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात कोंबडा, ताट आणि दिवा असतात व प्रत्येकापुढे जितके चमचे औषध द्यायचे, तितके चमचे. माझी चित्रकला बेताचीच. पण कोणत्याही भाषेच्या आजीला ती कळते. चिठ्ठी हाती देण्यापूर्वी मी एवढेच विचारतो, “यात काय दिसते, सांगा पाहू.”

वायमन यांनी प्रवासात आणि रोजच्या जीवनात जे दिसले ते टिपून ठेवण्याची सवय जपली. त्यांच्या १९७३ ते १९८२ या काळातील रेखाटनवह्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. प्रतिभेचा उगम शोधणाऱ्यांनी या सवयीकडे लक्ष द्यावे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयासाठी काम करताना त्यांनी वाटांवर प्राण्यांच्या पावलांचे ठसे उमटवले. ज्याचा ठसा धरून चालावे, तो प्राणी शेवटी भेटावा! लहान मुलांना वाट दाखवण्याचा याहून सुंदर उपाय मला सुचत नाही.

आपणही दररोज दवाखान्यात, वॉर्डात, शिबिरात शेकडो माणसे पाहतो. नाडी आणि छाती तपासताना त्यांच्या हातातील पिशवी, कमरेची चंची, वेळ सांगण्याची त्यांची रीत यांकडेही जरा पाहिले, तर आपल्या सूचना घरापर्यंत नीट पोहोचतील. किल्ल्यातील कमल बस्तीच्या छतावरचे दगडी कमळ गेली आठशे वर्षे कोणत्याही पाटीविना साऱ्यांना कळते आहे. आमच्या बेळगावात पाटी कोणत्या लिपीत असावी, याविषयी मतभेद असतील. तापाने फणफणलेल्या बाळाला औषध किती चमचे द्यावे, याविषयी कोणाचाही गोंधळ होऊ नये.