परदेशातील नव्या शहरात कौटुंबिक आधाराची उभारणी : आनंदीबाई जोशी ते महाराष्ट्र मंडळे

बीजसंज्ञा : स्थलांतर, नातेसंबंध, एकाकीपणा, महाराष्ट्र मंडळ, पैरा

प्रास्ताविक

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, करूळ आणि भुईबावडा या घाटांच्या माथ्यावर असलेल्या गगनबावडा परिसराला स्थलांतर नवीन नाही. धो धो पाऊस, डोंगरउताराची शेती आणि रोजगाराच्या मर्यादित संधी यांमुळे घाटमाथ्यावरच्या माणसाने पूर्वीपासून कोल्हापूरची आणि मुंबईची वाट धरली. आता ग्रामीण महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेले तरुणही उच्च शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने परदेशी जाऊ लागले आहेत. जाण्यापूर्वी घरात आणि महाविद्यालयात चर्चा होते ती प्रवेश, शुल्क, कर्ज आणि व्हिसा यांची. तेथे आजारी पडल्यास पेज करून कोण देईल, बाळंतपण कोण काढील, वाईट बातमी आली तर शेजारी कोण बसेल, हे प्रश्न मात्र मागे राहतात. परक्या शहरात कौटुंबिक आधार व समाज कसा उभा राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात मराठी माणसाच्या अनुभवाच्या आधारे केला आहे.

दोन भिन्न गरजा

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकाकीपणाविषयीच्या ग्रंथात एक महत्त्वाचा भेद मांडला. जिव्हाळ्याचे एखादे माणूस नसल्यामुळे येणारा भावनिक एकाकीपणा वेगळा आणि आपण ज्यात सामावले जाऊ असा समूह नसल्यामुळे येणारा सामाजिक एकाकीपणा वेगळा. पहिल्याची भरपाई दुसऱ्या प्रकारच्या संबंधांनी होत नाही. शंभर ओळखींचा समूह एका आईची जागा घेऊ शकत नाही आणि प्रेमळ जोडीदार असला तरी समूहाची उणीव राहतेच.

गावाकडे हा भेद सहसा जाणवत नाही. घर, भावकी, आळी आणि पाहुणेरावळे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की दोन्ही गरजा एकाच वर्तुळात भागतात. परदेशात हे वर्तुळ उसवते आणि त्याचे दोन्ही धागे स्वतंत्रपणे जुळवावे लागतात.

आनंदीबाईंची ‘मावशी’

यातील पहिल्या धाग्याचे उदाहरण मराठी समाजाला परिचित असले तरी या दृष्टीने ते क्वचितच पाहिले जाते, आणि त्याचा आरंभ कोल्हापूरशी निगडित आहे. गोपाळराव जोशी टपाल खात्याच्या नोकरीत कोल्हापुरात असताना पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. कोल्हापुरात दीर्घकाळ काम केलेले रॉयल वाइल्डर यांनी तो अमेरिकेतील आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापला. धर्मांतराची अपेक्षा जोशी दांपत्याला मान्य नव्हती, त्यामुळे त्या मार्गाने मदत मिळाली नाही. परंतु न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने तो मजकूर वाचला आणि आपण होऊन पत्र लिहिले.

पुढे काही वर्षे ही पत्रे चालू राहिली. आनंदीबाईंच्या प्रकृतीची तक्रार कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. जून १८८३ मध्ये आनंदीबाई वयाच्या अठराव्या वर्षी पतीशिवाय न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्या अनोळखी घरी गेल्या नाहीत. कार्पेंटरबाईंना त्या ‘मावशी’ म्हणत. मराठी कुटुंबात मावशी हे आईखालोखाल मायेचे स्थान आहे. ते देणे म्हणजे केवळ आदर दाखविणे नव्हे, तर एका परक्या स्त्रीला हक्क आणि जबाबदारी दोन्ही बहाल करणे होते.

तथापि दुसरा धागा जुळण्याची सोय त्या काळी नव्हती. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना मावशींचे घर दूर राहिले. प्राचार्या रेचल बॉडली यांचे साहाय्य होते, पण सण साजरा करावा, मराठीत बोलावे, आपल्या पद्धतीचे चार घास एकत्र खावेत असा समाज तेथे नव्हता. थंडी, शाकाहारी जेवणाची अडचण आणि अभ्यासाचा ताण त्यांना बव्हंशी एकटीने सोसावा लागला. मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या, तेव्हा त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई समारंभासाठी इंग्लंडहून आल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली होती, परंतु क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनस्थानी त्यांना जागा मिळाली. पत्रातून जुळलेले नाते शेवटपर्यंत निभावले गेले, याचा याहून मोठा पुरावा देता येणार नाही.

गावकीपासून भाषेपर्यंत

दुसरा धागा म्हणजे समूह. त्याची घडण मराठी माणसाने प्रथम देशातल्या देशात केली. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून व कोकणातून गेलेले कामगार गावकीच्या खोलीत एकत्र राहत, खानावळीत जेवत आणि गावाच्या मंडळामार्फत एकमेकांची अडीअडचण भागवीत. गावाहून नव्याने आलेल्याला पहिली रात्र कोठे काढायची हा प्रश्न पडत नसे.

परदेशात एकाच गावची माणसे भेटणे दुर्मीळ, म्हणून आपलेपणाचे वर्तुळ गावाऐवजी भाषेभोवती आखले गेले. १९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा रद्द झाल्यावर भारतीय डॉक्टर, अभियंते व विद्यार्थी मोठ्या संख्येने तेथे गेले. शहराशहरांत मंडळे निघाली आणि १९८१ मध्ये त्यांचे मध्यवर्ती संघटन म्हणून बृहन्महाराष्ट्र मंडळ आकारास आले. त्याचे अधिवेशन साधारणतः दर दोन वर्षांनी भरते. २०१९ मध्ये ते डॅलसला, महासाथीमुळे लांबून २०२२ मध्ये अटलांटिक सिटीला आणि २०२४ मध्ये सॅन होजेला झाले. गणेशोत्सव, दिवाळी अंक, नाटके आणि मुलांसाठी मराठी शाळा हे मंडळांचे दृश्य कार्य होय. त्याहून मोलाचे काम कार्यक्रमाच्या पंक्तीत होते. नवागताला तेथे आपल्या भाषेत डॉक्टर, शाळा, भाड्याचे घर यांविषयी विचारता येते.

कायद्याची चौकट

आई-वडिलांना बोलावून घेतले की प्रश्न सुटतो, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात कोणते नाते किती काळ सोबत राहू शकते हे त्या देशाचा कायदा ठरवितो. अमेरिकेत पाहुणे म्हणून गेलेल्या आई-वडिलांना सामान्यतः एका वेळी सहा महिने राहता येते. त्यामुळेच बाळंतपणाला आधी आई आणि ती परतताना सासूबाई, अशी पाळी अनेक मराठी घरांत लावली जाते. कॅनडाने २०११ च्या अखेरीस आई-वडील व आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा सुरू केला आणि २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहण्याची मुभा दिली. ब्रिटनने मात्र २०१२ मध्ये वृद्ध पालकांना कायम आणण्याचे नियम फार कडक केले. एच-१बी व्हिसाधारकांच्या जोडीदारांना अमेरिकेत नोकरीची परवानगीच नव्हती. २०१५ पासून त्यांतील काहींना ती मिळाली. सुशिक्षित पत्नीने दिवसभर परक्या घरात एकटीने बसून राहणे हा तिच्या स्वभावाचा दोष नसून बऱ्याच अंशी या नियमाचा परिणाम होता.

कायदा अनुकूल असला तरी अंतर उरतेच. २३ मार्च २०२० पासून भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबविली आणि ती पूर्ववत होण्यास २७ मार्च २०२२ उजाडले. मधल्या काळात विशेष विमाने होती, पण हवे तेव्हा निघता येईल ही खात्री संपली. रक्ताची नाती दूरध्वनीवर होती. दाराशी औषध आणून ठेवणारा मात्र त्याच शहरातला असावा लागला.

पैऱ्याचे तत्त्व

असा माणूस मिळतो कसा, याचे उत्तर घाटमाथ्याच्या शेतीत सापडते. भातलावणीच्या दिवसांत मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी पैरा करतात. आज चार जण एकाच्या शेतात, उद्या तो त्यांच्या शेतात. पैरा फेडावा लागतो आणि जो फेडीत नाही त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी येत नाही. परदेशातील आधाराचे स्वरूप नेमके असेच आहे. विमानतळावरून आणणे, बाळंतिणीच्या घरी पाळीपाळीने डबा पोहोचविणे, एकमेकांची मुले सांभाळणे, ही कामे घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन घालतात आणि त्या देवघेवीतूनच ओळखीचे नाते होते. केवळ सभासद-वर्गणी भरून हे नाते मिळत नाही. वर्षातून दोनदा उत्सवाला जाणारा माणूस प्रेक्षक राहतो, तर सतरंज्या घालणारा आणि भांडी आवरणारा लवकर घरचा होतो.

मात्र पैरा केवळ मराठी माणसांपुरता ठेवणे हिताचे नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मधील निबंधात दाखविले की नोकरीविषयीची नवी माहिती अनेकदा जवळच्या मित्रांपेक्षा जुजबी ओळखींतून मिळते, कारण जवळची माणसे जे जाणतात ते आपल्याला आधीच ठाऊक असते. शेजारी, सहकारी आणि ग्रंथालयात भेटणारी माणसे म्हणूनच तितकीच आवश्यक ठरतात. आनंदीबाईंची मावशी मराठी नव्हती, हे येथे विसरता कामा नये.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की परदेशात कौटुंबिक आधार आयता मिळत नाही आणि केवळ मंडळाच्या छत्रामुळेही तो निर्माण होत नाही. त्यासाठी एखादे-दुसरे जिव्हाळ्याचे घर आणि देवघेवीचा समूह, दोन्ही लागतात. आनंदीबाईंना पहिले लाभले, पण दुसऱ्याची सोयच नव्हती. आजच्या विद्यार्थ्याला दुसरे सहज मिळते, म्हणून पहिल्याचा विसर पडण्याचा धोका आहे.

ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकांना येथे प्रत्यक्ष काम करता येण्यासारखे आहे. परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांची शहरनिहाय नोंद ठेवावी. जाणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यांच्याशी प्रस्थानापूर्वीच पत्रव्यवहार घडवून आणावा, कारण कार्पेंटरबाईंचे नातेही प्रवासाआधीच जुळले होते. पालकांना व्हिसाच्या मर्यादा आधी समजावून सांगाव्यात. आणि निघताना विद्यार्थ्याला एवढे अवश्य सांगावे की नव्या शहरातील पहिला पैरा आपण मागायचा असतो, पण दुसरा न मागता द्यायचा असतो.