सर्व्हरच्या अंतरंगात (७) : मशीन चालू, डिस्क बदलायची

व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आता समजा, सर्व्हरमधल्या जुन्या हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायच्या आहेत आणि त्यावरच्या मशीनमध्ये रुग्णालयाची नोंदणी चालू आहे. मशीन बंद न करता ही फाइल हलवायची कशी?

नुसती कॉपी मारून भागत नाही. एक टीबी डेटा एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून पूर्ण वेगाने गेला, तरी सव्वादोन तास लागतात. तेवढ्या वेळात मशीन कुठे ना कुठे नवं लिहीतच असतं. त्यामुळे कॉपी हाती येईपर्यंत शिळी झालेली असते. खरा प्रश्न आहे तो या मधल्या काळातल्या नोंदींचा.

व्हीएमवेअरच्या २००९च्या व्हीस्फिअर ४ या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यावर फेऱ्यांचा उपाय होता. एकदा सगळं कॉपी करायचं, दरम्यान बदललेल्या ब्लॉकची यादी ठेवायची, मग तेवढेच ब्लॉक पुन्हा न्यायचे. यादी अगदी छोटी झाली की मशीन क्षणभर थांबवून नव्या डिस्कवर वळवायचं. पण डेटाबेस कॉपीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने लिहीत असेल, तर यादी संपतच नाही.

२०११च्या व्हीस्फिअर ५ने एकाच फेरीत काम भागवलं. शंभर जीबीच्या डिस्कची कॉपी चाळीस जीबीपर्यंत आली आहे असं धरा. मशीनने बाराव्या जीबीत काही लिहिलं, तर ते जुन्या आणि नव्या दोन्ही डिस्कवर जातं, कारण तो भाग आधीच नेलेला आहे. सत्तराव्या जीबीत लिहिलं, तर फक्त जुन्या डिस्कवर; कॉपी तिथे पोहोचेल तेव्हा ते आपोआप उचललं जाईल. आणि नेमका जो तुकडा या क्षणी हलतो आहे, त्यावरचं लेखन तो पोहोचेपर्यंत रोखून धरलं जातं. एकही नोंद सुटत नाही, आणि काम कधी संपेल याचा अंदाजही बांधता येतो.

याची किंमतही आहे. दोन्ही डिस्कवर लिहून झाल्याशिवाय ‘लिहिलं’ असा निरोप मशीनला मिळत नाही. दोन्हींपैकी संथ डिस्क जो वेग देईल, तोच मशीनचा वेग. म्हणून असं काम गर्दीच्या वेळी काढू नये, आणि चार मशीन असतील तर एकामागून एक हलवावीत.

प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क हलवण्याचं काम त्याच्या आतल्या क्यूईएमयूच्या ‘ड्राइव्ह मिरर’ सुविधेवर चालतं. तिथे डिस्क हलवताना ‘डिलीट सोर्स’ असा एक चौकोन दिसतो. त्यावर खूण करू नका. जुनी डिस्क ‘अनयूज्ड डिस्क’ म्हणून यादीत राहते. नव्या डिस्कवर मशीन एकदा रीस्टार्ट करून, डेटाबेस तपासून मगच ती काढा.

मात्र ती जुनी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. मशीन नव्या डिस्कवर वळलं त्या क्षणापासून ती मागे पडत जाते. शिवाय आतली एखादी फाइल आधीच बिघडलेली असेल, तर तो बिघाडही जसाच्या तसा नव्या डिस्कवर आलेला असतो. म्हणून डिस्क हलवण्याआधी वेगळ्या जागी बॅकअप घ्या, आणि तो उघडतो का हे प्रत्यक्ष पाहा. ते कसं पाहायचं, हे पुढच्या लेखात.