गाडी सुरू झाली, पुढे?

मोटार सुरू झाली म्हणजे दुरुस्त झाली, अशी माझी कित्येक वर्षांची समजूत होती. धानोऱ्याच्या एका मिस्त्रीने ती गेल्या पावसाळ्याअखेर पार पुसून टाकली.

माझी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ पासून या नावाने निघू लागली. मुंबईतून तिच्या टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमचा निरोप घेतला, तेव्हा लोक हळहळले. आमच्या अंगणात मात्र ती ठणठणीत होती. तिला जवळजवळ मारले ते मीच. गडचिरोलीहून परतताना रेडिएटरचा पाइप फाटला, पाणी गेले, वाफा निघू लागल्या. दिवस मावळलेला, दोन्ही बाजूंना जंगल. ‘आता घर ते किती उरले!’ म्हणत मी तशीच दामटली. या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. बोल्टांनी जखडलेले हेड मग वाकते आणि मधले गॅसकिट जाते. दुसऱ्या दिवशी डिपस्टिकला तेलाऐवजी दुधाळ चहासारखे काहीतरी लागलेले दिसले. तेलात पाणी शिरले होते.

हेड नागपूरहून फेस मारून आले, व्हॉल्व्ह घासून बसवले, नवे गॅसकिट पडले, नवे तेल भरले. घरी लेक बाळंतपणाला आलेली, नववा महिना लागलेला. १०८ची गाडी आहे, नाही असे नाही. पण आमच्याकडे रात्री फोन लागेलच, ही खात्री कोणी द्यावी? म्हणून मला घाई. मिस्त्रीला ती मुळीच नव्हती.

“मारा सेल्फ!” मी म्हणालो.

“मारतो जी गुरुजी. पण पेटवाची नाही अजून.”

त्याने चारही प्लग काढून ठेवले होते, वरचे झाकणही उघडे होते. सेल्फ मारल्यावर इंजिन नुसतेच फिरले. तेलाचा तांबडा दिवा विझला, तरी तो थांबेना. टॅपेटांवरच्या दांडीपर्यंत तेल पोचलेले डोळ्यांनी पाहिले, तेव्हा कुठे मान हलवली. कोरड्या धातूवर धातू घासू द्यायचा नाही, एवढाच त्यातला मुद्दा. मग एकेका भोकाला गेज लावून त्याने दाब मोजला. आकडा किती, यापेक्षा चौघांचे आकडे जवळपास सारखे आहेत की नाहीत, हे तो पाहत होता. शेजारशेजारचे दोन पडलेले निघाले, तर गॅसकिट त्या दोघांच्या मधे फुटले असे समजावे.

प्लगांच्या वायरी लावताना तो पुटपुटला, “एक, तीन, चार, दोन.” आयुष्यभर पाढे घोकून घेतलेल्या माझ्यासारख्याला हे फारच खटकले, पण सिलिंडर याच क्रमाने पेटतात.

पहिल्या दोन प्रयत्नांत नुसती खोकली. तिसऱ्याला पेटली. मी टाळी वाजवली! मिस्त्रीचे लक्ष रेडिएटरकडे होते. इंजिन थंड असतानाच त्याने टोपी काढून ठेवली होती (गरम इंजिनाची टोपी उघडणारा हात भाजून घेतो). पाण्यात बुडबुडे येत होते. माझ्या पोटात गोळा आला. सिलिंडरातला वायू पाण्यात शिरत असेल, तर सगळा खर्च आणि पंधरा दिवस पाण्यात!

“आत अडकलेली हवाही निघते जी. थांबा.”

थांबलो. मागे पांढरा धूर निघत होता. तोही थंड नळीतल्या ओलाव्याचा असू शकतो किंवा गळक्या हेडचा. फरक एवढाच, की ओलाव्याचा धूर इंजिन तापल्यावर सरतो. वीस मिनिटे मी एकदा पुढे, एकदा मागे अशा येरझारा घातल्या. थर्मोस्टॅट उघडला, पाण्याची पातळी चटकन खाली गेली, त्याने हळूहळू भर घातली. बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. धूरही सरला. टोपी लावून आम्ही मेंढा-लेखापर्यंत चक्कर मारून आलो. (२००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारे ते हेच गाव.)

तरीही गाडी मिळाली नाही. रात्रभर ती पूर्ण थंड होऊ दिली, आणि सकाळी त्याने हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या बाजूला, क्रमाने पुन्हा आवळले. जुन्या पद्धतीचे गॅसकिट पहिल्या तापण्यात दबते. दोन नट खरोखरच थोडे फिरले. नट फिरले म्हणजे टॅपेटची फटही बदलली. ती त्याने पुन्हा जुळवली.

आठ दिवसांनी रात्री दोन वाजता लेकीला घेऊन निघालो. गडचिरोली ३५ किलोमीटरच्या आसपास. माझी नजर रस्त्यापेक्षा मीटरवरच जास्त. “अहो, समोर बघा!” मागून मंडळी दोनदा ओरडली. पहाटे नात झाली. उजाडल्यावर रुग्णालयाच्या आवारात मी बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली. तेल तेलासारखेच होते.